२३ अर्ज, ३ जागा: फिटनेस व्यावसायिकांच्या संघटनेतील एका नामांकन समितीचे प्रकरण

या प्रकरणातील संघटना, व्यक्ती आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. क्रम, निर्णय आणि चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

संघटना पर्सनल ट्रेनर, स्ट्रेंथ कोच, ग्रुप क्लास घेणारे प्रशिक्षक, व्यायामशास्त्रातले तज्ज्ञ आणि जिम चालवणारे अशा सर्वांची. सभासद सुमारे ४,०००. सभासदत्व, वार्षिक परिषद आणि प्रशिक्षकांची प्रमाणपत्र परीक्षा ही तीन मोठी कामे. संचालक मंडळ ९ जणांचे, मुदत ३ वर्षांची, आणि दरवर्षी एक तृतीयांश मंडळ बदलते. त्या वर्षी दोन सर्वसाधारण संचालक आणि खजिनदार अशा तीन जागा रिकाम्या होणार होत्या.

उमेदवारांची यादी ठरवण्यासाठी उपविधींनुसार ७ जणांची नामांकन समिती होती. अध्यक्षस्थानी संघटनेचे नुकतेच पायउतार झालेले माजी अध्यक्ष, त्यांना मत फक्त बरोबरी झाली तर. बाकीचे सहा जण सभासदांमधून अर्ज करून आलेले स्वयंसेवक. अट अशी की किमान ५ वर्षांचे सभासदत्व हवे आणि समितीवर असताना, तसेच त्यानंतरचे एक वर्ष, स्वतः निवडणुकीला उभे राहायचे नाही. सगळीकडे असा नियम नसतो. सभाशास्त्राच्या ‘रॉबर्ट्स रूल्स’ या १८७६पासून वापरात असलेल्या नियमावलीत समितीच्या सदस्यांना उमेदवारीची बंदी नाही. तिथे भर आहे तो विद्यमान अध्यक्षांनी समिती नेमू नये आणि तिच्यात बसू नये यावर. या संघटनेने दोन्ही गोष्टी कडक ठेवल्या होत्या आणि ते बरेच झाले, कारण पुढे जे वाद झाले त्यांत ‘यांना स्वतःलाच खुर्ची हवी होती’ हा आरोप तरी कुणाला करता आला नाही.

सर्वसाधारण जागेसाठी समितीने प्रत्येकी किमान दोन नावे द्यायची, खजिनदारासाठी एकही चालेल. यादी मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी जाहीर करायची. यादीत नाव न आलेल्या सभासदाला २१ दिवसांत ५० सभासदांच्या सह्या आणून उभे राहता येते. हा सह्यांचा मार्ग गेल्या कित्येक वर्षांत कुणी वापरला नव्हता, त्यामुळे समितीतल्या निम्म्या लोकांना तो आठवतही नव्हता.

स्वयंसेवकांसाठीच्या आवाहनात ‘महिन्याला साधारण दोन तास’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात पाच महिन्यांत प्रत्येकाचे ४० तासांहून जास्त गेले. दीड तासाच्या आठ बैठका, एकेका अर्जाला वीस-पंचवीस मिनिटे धरून २३ अर्जांचे दोनदा वाचन, नऊ मुलाखती आणि शिवाय संदर्भ देणाऱ्यांना फोन. दोन तासांच्या हिशेबाने आलेल्या माणसाकडून चाळीस तास मागितले की काय होते, ते पुढे येईलच.

अडचण

अर्ज पाच आठवडे खुले होते. २३ आले: २२ संचालकपदासाठी, खजिनदारासाठी एकच. अर्जात बायोडेटा, फोटो आणि ‘मला नेतृत्व का करायचे आहे’ यावर ३०० शब्द. गुणपत्रकात चार रकाने होते: नेतृत्व, अनुभव, संवादकौशल्य, संघटनेशी बांधिलकी. प्रत्येकाला १ ते १०.

पहिल्या फेरीचे गुण एकत्र केले तेव्हा वरची पाचही नावे एकाच साच्यातली निघाली. स्पर्धात्मक खेळातले स्ट्रेंथ कोच, परिषदांचे नेहमीचे वक्ते, फोटोतही उठून दिसणारे. सभासदांपैकी जवळपास ४० टक्के लोक ग्रुप क्लास घेणारे, पण विद्यमान मंडळात त्यांच्यातला एकही नाही आणि या पाचांतही नाही. पहिल्या क्रमांकावर क होते: नावाजलेले कोच, मोठा चाहतावर्ग, बोलणे छाप पाडणारे. खजिनदारासाठी आलेल्या एकमेव अर्जात हिशेबाचा अनुभव शून्य.

गुणपत्रके नीट पाहिली ती एका सदस्याने. क यांच्या चारही रकान्यांत बहुतेकांनी ९, ९, ९, ९ असे गुण दिले होते. एखाद्या साध्या उमेदवाराला ५, ५, ६, ५. म्हणजे चार रकाने नावालाच. प्रत्येकाने माणसाबद्दल एकच मत बनवले होते आणि ते चार वेळा लिहिले होते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२०मध्ये नेमके हेच दाखवले. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठी वेगवेगळे गुण दिले, पण ते गुण एकमेकांना इतके चिकटलेले निघाले की ते स्वतंत्रपणे दिले आहेत असे मानणेच अवघड झाले. या व्यवसायात तर हा धोका दुप्पट. इथे शरीरयष्टी म्हणजेच माणसाच्या कामाची जाहिरात, आणि अर्जावर फोटो आपणच मागितलेला.

पर्याय

नवव्या आठवड्यातल्या बैठकीत तीन मार्ग पुढे आले.

पहिला, हीच यादी धरून चर्चेत दुरुस्ती करायची, म्हणजे वरून तीन घ्यायचे आणि ‘तोल साधायला’ ग्रुप क्लासवाल्यांपैकी एक टाकायचा. वेळ वाचला असता. पण असा टाकलेला उमेदवार कुठल्या निकषावर आला हे सांगता येत नाही, आणि तोल साधायला घेतलेला माणूस मंडळातही तसाच वागवला जातो. दुसरा, अर्ज पुन्हा मागवायचे. ४५ दिवसांच्या अटीत ते बसत नव्हते.

तिसरा मार्ग थोडा किचकट होता. आलेले अर्ज तेच ठेवायचे, पण आधी प्रत्येक जागेची गरज लिहून काढायची, नाव आणि फोटो झाकून नव्याने गुण द्यायचे, आणि खजिनदारासाठी समितीने स्वतः शोध घ्यायचा. उपविधींनी समितीला यादी जाहीर होईपर्यंत नावे शोधण्याची मुभा दिलेली होती. फक्त शोधून आणलेल्यांनीही तोच अर्ज भरायचा आणि त्याच प्रश्नांना सामोरे जायचे, एवढी अट समितीने स्वतःवर घातली. अध्यक्ष पहिल्या मार्गाच्या बाजूचे होते. मत घेतले तेव्हा ४ विरुद्ध २ असा तिसरा मार्ग ठरला.

काय केले

सुरुवात एका तक्त्याने झाली. मंडळावर राहणारे सहा जण एकेका ओळीत, आणि आडव्या रकान्यांत आर्थिक ताळेबंद वाचण्याची सवय, करार-कायदा, पगारी कर्मचाऱ्यांवर देखरेख, परीक्षा आणि प्रमाणपत्राचे काम, व्यवसायाचा प्रकार. तक्ता भरायला अर्धा तास लागला. त्यात दिसले की मावळते खजिनदार गेले की ताळेबंद वाचणारे कुणीच उरत नाही, कर्मचारी सांभाळलेला एकच माणूस आहे आणि ग्रुप क्लासचा रकाना कोरा आहे. हा तक्ता अर्ज मागवण्याआधी व्हायला हवा होता. तो आवाहनासोबतच छापला असता तर योग्य माणसांनी अर्ज तरी केले असते.

मग गुणांची पट्टी बदलली. १ ते १०ऐवजी ० ते ३, आणि प्रत्येक आकड्याला वर्णन. आर्थिक समजेसाठी ० म्हणजे अर्जात पुरावा नाही. १ म्हणजे स्वतःच्या व्यवसायाचे हिशेब सांभाळले. २ म्हणजे एखाद्या संस्थेचे अंदाजपत्रक तयार करून मांडले आणि वर्षभर त्यावर लक्ष ठेवले. ३ म्हणजे लेखापरीक्षणाला तोंड दिले, राखीव निधीचे धोरण ठरवले किंवा लोकप्रिय खर्चाला नाही म्हटले. ‘नेतृत्व’ हा रकाना काढूनच टाकला. त्याच्या जागी ‘मतभेद असलेल्या गटाला निर्णयापर्यंत नेले’ असे लिहिले, कारण याचे उदाहरण अर्जात सापडते किंवा सापडत नाही.

नावे झाकायचे काम मत नसलेल्या कार्यालयीन कर्मचाऱ्याने केले. प्रसिद्ध लोक मजकुरावरूनही ओळखू येतात, त्यामुळे झाकण्याचा उपयोग मर्यादितच. पण मधल्या फळीतल्या पंधरा-सोळा अर्जांना त्याचा खरा फायदा झाला. सर्वांचे गुण बंद होईपर्यंत चर्चा नाही, आणि नंतर चर्चा फक्त जिथे दोन गुणांचा किंवा जास्त फरक पडला तिथेच.

ओळखीचे काय करायचे हा प्रश्न इथेच सोडवावा लागला. छोट्या व्यवसायात सगळेच एकमेकांना ओळखतात. ‘ओळख असेल त्याने गुण देऊ नयेत’ असा नियम केला असता तर गुण द्यायला कुणी उरले नसते. समितीने रेषा अशी ओढली: नुसती ओळख सांगायची आणि गुण द्यायचे, पण नाते, पैशाचा व्यवहार, वरिष्ठ-कनिष्ठ संबंध किंवा गेल्या ३ वर्षांत एकत्र केलेले काम असेल तर त्या उमेदवाराला गुण द्यायचे नाहीत आणि चर्चेच्या वेळी बाहेर जायचे. एका सदस्याला चार उमेदवारांच्या बाबतीत बाहेर बसावे लागले.

या फेरगुणांकनाला १२ दिवस गेले. दोन सदस्यांनी काम शेवटच्या रात्रीवर टाकले. त्यांतल्या एकाच्या नोंदींवरून दिसते की शेवटचे ११ अर्ज ४० मिनिटांत उरकले. ‘दोन तास’ वाचून आलेल्या माणसाला दोष देणे सोपे आहे, पण आवाहन त्याने लिहिले नव्हते.

दुसऱ्या फेरीत क पहिल्यावरून सहाव्या क्रमांकावर गेले. ग्रुप क्लास घेणाऱ्या आणि प्रशिक्षकांची सहकारी संस्था चालवणाऱ्या ख चौदाव्यावरून दुसऱ्या आल्या. खजिनदारासाठी शोध घेतल्यावर दोन नावे मिळाली. त्यांतले ग अनेक शाखांच्या जिमचे हिशेब पाहणारे, १२ वर्षांचे सभासद. आजवर अर्ज का केला नाही असे विचारल्यावर म्हणाले, “अकाउंट्सवाल्याला कोण विचारतं? मंचावर कोचच शोभतात.”

मुलाखती

संचालकपदाचे सात आणि खजिनदारपदाचे दोन, अशा नऊ मुलाखती ऑनलाइन झाल्या. ४५ मिनिटे, सर्वांना तेच सहा प्रश्न, त्याच क्रमाने. दोघांनी विचारायचे, सर्वांनी लगेच गुण लिहायचे आणि मग पंधरा मिनिटे चर्चा. ठरावीक प्रश्नांची मुलाखत मोकळ्या गप्पांपेक्षा कामाचा अंदाज चांगला देते, हे निवडीवरच्या संशोधनात वारंवार दिसले आहे. २०२२मध्ये जुन्या अभ्यासांचे फेरविश्लेषण झाले त्यातही ती वरच्या स्थानावर राहिली. तरी दोन सदस्यांना ती ‘परीक्षेसारखी’ वाटली, आणि एका मुलाखतीत गप्पा रंगून तिसरा प्रश्न राहूनच गेला. त्या उमेदवाराला नंतर तो लेखी विचारावा लागला.

सर्वात जास्त सांगून गेला तो पाचवा प्रश्न. एका काल्पनिक संघटनेचे एक पानी उत्पन्न-खर्च पत्रक द्यायचे, वाचायला दहा मिनिटे, मग ‘काय दिसते?’ एवढेच विचारायचे. पत्रकात वर्षअखेर शिल्लक दिसत होती, पण ती पुढच्या परिषदेच्या आगाऊ नोंदणीमुळे. परीक्षेच्या शुल्काचे उत्पन्न घसरलेले होते आणि राखीव निधी तीन महिन्यांच्या खर्चाइतकाच होता. क यांनी शिल्लक चांगली असल्याचे सांगून प्रसिद्धीवर खर्च वाढवण्याची योजना मांडली. योजना उत्तम होती, प्रश्नाचे उत्तर नव्हती. ख बोलताना अडखळत होत्या, पण त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “परिषदेचे हे पैसे आलेत, पण परिषद व्हायची आहे ना अजून?” आगाऊ जमा ही देणी असते, उत्पन्न नव्हे, हे बाकीच्या उमेदवारांपैकी फक्त दोघांच्या लक्षात आले. त्यांतले एक अर्थातच ग.

यादी, आणि तीन मिनिटांची चर्चा

चौदाव्या आठवड्यात यादी ठरली: संचालकपदासाठी चार नावे, खजिनदारासाठी दोन. क त्यांत नव्हते.

त्याच बैठकीत या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय घेतला गेला, आणि तो निर्णय आहे हेसुद्धा कुणाच्या लक्षात आले नाही. अर्जाच्या शेवटच्या पानावर प्रत्येक उमेदवाराने आपले हितसंबंध जाहीर केले होते. क यांची कंपनी संघटनेच्याच प्रमाणपत्र परीक्षेचे तयारी-वर्ग विकत होती. त्यांनी ते लपवले नव्हते, स्पष्ट लिहिले होते. उपविधींत त्याला बंदी नव्हती. मात्र प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेचे निर्णय बाहेरच्या दबावापासून मुक्त असावेत आणि परीक्षा व शिकवणी यांत अंतर असावे, असे प्रमाणपत्रांना मान्यता देणाऱ्या संस्थांचे निकष सांगतात. म्हणजे परीक्षेचा विषय आला की अशा संचालकाला उठून जावेच लागते.

एका सदस्याने विचारले, उमेदवारांच्या परिचयात ही माहिती छापायची का? अर्जावर ‘यातील सर्व माहिती गोपनीय’ असे छापलेले होते, म्हणून नाही, असे ठरले. तीन मिनिटांत. शिवाय क यादीत नव्हतेच, त्यामुळे प्रश्न निकाली निघाल्यासारखा वाटला.

नाकारलेल्यांना अध्यक्षांनी दोन दिवसांत स्वतः फोन करायचे, कारण सांगायचे आणि क यांना शिक्षण समितीचे काम देऊ करायचे, असे ठरले होते. त्याआधीच एका सदस्याने ओळखीच्या नात्याने क यांना कळवले. अध्यक्षांचा फोन गेला तेव्हा पलीकडून उत्तर आले, “सर, मला कालच कळलं.” पुढचे संभाषण दोन मिनिटांत संपले. यादी जाहीर झाल्यापासून नवव्या दिवशी क यांनी ५०पेक्षा बऱ्याच जास्त सह्या सादर केल्या.

निकाल

मतदान ३० दिवस ऑनलाइन चालले. यादीत वर असलेल्या नावाला थोडा फायदा मिळतो, म्हणून प्रत्येक मतदाराला नावे वेगळ्या क्रमाने दाखवली गेली. ही सोय मतदान प्रणालीत आधीपासून होती, फक्त चालू करायची होती. क यांना सर्वाधिक मते मिळाली, ख दुसऱ्या आल्या. खजिनदार म्हणून ग निवडून आले.

पुढच्या १४ महिन्यांत क यांना ११ विषयांच्या वेळी चर्चेतून बाहेर पडावे लागले. दर वेळी ते तक्रार न करता उठले. पण ९ जणांचे मंडळ ८ जणांचे झाले की बरोबरी होऊ शकते, आणि तयारी-वर्गांना मान्यता देण्याच्या धोरणावर ४-४ अशी ती झालीच. विषय पुढच्या तिमाहीत गेला. वार्षिक सभेत सभासदांनी विचारले, ‘हे आम्हाला मतदानाआधी का सांगितलं नाही?’ समितीकडे माहिती होती, क यांनीच दिलेली होती, आणि मतदारांपर्यंत ती गेली नव्हती. क यांच्यावरच लपवल्याचा ठपका आला, जो खरा नव्हता. दुसऱ्या बाजूने हेही नोंदवायला हवे की नव्या प्रशिक्षकांसाठी क यांनी उभी केलेली मार्गदर्शन योजना त्या मंडळाच्या काळातली सर्वात यशस्वी ठरली. सहावा क्रमांक त्या जागेच्या गरजेच्या हिशेबाने होता. माणसाच्या कुवतीवर तो शेरा नव्हता.

ख यांनी राखीव निधीचे धोरण लिहून मंजूर करून घेतले. ग यांनी मात्र वर्षभराने राजीनामा दिला. शोध घेताना त्यांना ‘महिन्याला पाच तास’ सांगितले होते; अंदाजपत्रकाच्या तिमाहीत पंधरा लागत होते. मावळत्या खजिनदारांना एक फोन केला असता तर खरा आकडा कळला असता. तो फोन कुणी केला नाही.

पुन्हा करायचे तर

समितीने सगळ्या माहितीला एकच कुलूप लावले, आणि तिथे गणित चुकले. गुण, चर्चा, संदर्भ देणाऱ्यांचे शब्द ही समितीच्या खोलीतली माहिती. ती बाहेर गेली की पुढच्या वर्षी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. हितसंबंध ही मतदाराच्या कामाची माहिती. झाले असे की जे आत राहायला हवे होते ते एका फोनने बाहेर गेले आणि जे बाहेर जायला हवे होते ते आत राहिले. आता अर्जाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या भागाच्या माथ्यावर ‘हे पान मतदारांना दिसेल’ असे छापलेले असते. सह्यांच्या मार्गाने येणाऱ्यालाही ते पान भरावे लागते. आधी त्याला सह्यांखेरीज काहीच द्यावे लागत नव्हते; क यांनी मुळात अर्ज केला होता म्हणून त्यांची माहिती निदान कार्यालयात तरी होती.

नाकारलेल्यांना फोन आता यादी ठरते त्याच संध्याकाळी जातात, आणि ते होईपर्यंत समितीची बैठक संपल्याचे मानले जात नाही. अर्जावर फोटो मागत नाहीत. निवडणुकीच्या परिचयासाठी तो नंतर घेतात. स्वयंसेवकांच्या आवाहनात ‘पाच महिन्यांत ४० ते ४५ तास, त्यातले निम्मे शेवटच्या सहा आठवड्यांत’ असे स्पष्ट लिहिले जाते. पुढच्या वर्षी समितीसाठी अर्ज कमी आले, पण वाचन वेळेत झाले.

एक मुद्दा सुटलेला नाही. समितीने सुचवलेल्या नावांपुढे मतपत्रिकेवर ‘समितीची शिफारस’ असे छापावे का? बाजूने असलेल्यांचे म्हणणे असे की ४० तासांच्या कामाचा निष्कर्ष मतदाराला दिसत नसेल तर ते काम कशासाठी. विरुद्ध बाजूचे म्हणणे की त्याने सह्यांचा मार्ग नावापुरताच उरेल आणि दरवर्षी समितीच मंडळ नेमते असे चित्र होईल. मते ३-३ पडली. निर्णायक मत अध्यक्षांचे होते. त्यांनी ते दिले नाही आणि विषय पुढच्या समितीच्या पहिल्या बैठकीच्या कार्यसूचीत टाकला.